जाळावर गार होणारा फ्रीज

मित्रांनो, माझ्या पोटात जाळ पेटला की मी गार होतो. हे ऐकून तुम्ही हसाल, आणि हसणाऱ्यांची मला सवय आहे. तुमच्या घरातला फ्रीज विजेवर चालतो, मधूनमधून घुरघुरतो आणि वीज गेली की हातपाय गाळून बसतो. मी घुरघुरत नाही. माझ्यात फिरणारं, ढकलणारं असं काहीच नाही. माझ्या पाठीमागे बोटाच्या पेराएवढी एक ज्योत जळते. तिच्या उष्णतेने नळ्यांमधलं उग्र वासाचं रसायन उकळतं, त्याची वाफ वर चढते, वर जाऊन निवते, आणि मग थेंबाथेंबाने आपल्याच वजनाने खाली उतरताना माझ्या पोटातली उष्णता घेऊन जाते. चढायचं आणि उतरायचं, एवढाच माझा संसार. वीज असो वा नसो, माझं काही अडत नाही. मी एक जुना गॅसवरचा फ्रीज आहे, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण आठवडा मला तुम्हाला सांगायचा आहे.

त्याआधी थोडं मागचं. माझा जन्म परदेशातल्या एका थंड गावात झाला. थंड गावात फ्रीज कशाला बनवतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तिथेच मला एका कॅरव्हॅनमध्ये बसवलं. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. झोपायला फळी, बसायला बाक, एक छोटी शेगडी, आणि दाराच्या अगदी समोर मी. जहाजावर इंजिनिअर असलेल्या एका साहेबांनी ती विकत घेतली, नोकरी संपल्यावर जहाजातून इकडे आणली आणि लोणावळ्यात तुंगार्लीच्या तळ्याजवळ, आपल्या बंगल्याच्या अंगणात लावली.

साहेबांचा एक नियम होता. गाडी जरा जरी हलवली तरी ते आधी माझ्या फळीवर काचेच्या पेल्यात अर्धा पेला पाणी ठेवायचे, डोळे बारीक करून बघत बसायचे, मग चाकाखाली कधी फळी सरकवायचे तर कधी विटेचा तुकडा. पाणी मनासारखं दिसलं की मगच काडी ओढायचे. मीही मग जीव ओतून काम करायचो. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे घामाघूम होऊन आले की साहेब माझं दार उघडून बर्फ दाखवायचे, आणि खाली वाकून जळती ज्योतही दाखवायचे. पाहुणे तोंडात बोट घालायचे. ते दिवस गेले. साहेब थकले आणि एके दिवशी तेही गेले. बंगल्याला कुलूप लागलं आणि मी जांभळाच्या झाडाखाली कितीतरी वर्षं बंद दाराआड उभा राहिलो. आत झुरळांनी पिढ्या काढल्या. मित्रांनो, काम करून कुणी थकत नाही एवढा तो न करता थकतो.

शेवटी साहेबांच्या मुलीने बंगला विकला आणि जाता जाता ती गाडी केरबांना देऊन टाकली. केरबा म्हणजे त्या बंगल्याचे गवंडी. दर वर्षी पावसाळ्याआधी येऊन गच्ची आणि भिंती तेच बघायचे. त्यांच्या मुलाने, सुहासने, ट्रॅक्टर लावून आम्हाला पवनानगरला आणलं. तिथे धरणाच्या पाण्याकडे उतरत जाणारा त्यांचा जमिनीचा तुकडा आहे. सुहास तिथे पर्यटकांसाठी तंबू लावतो.

आल्या आल्या माझ्यावर मायेचा पूर आला. मावळातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. तिथे माणूस मायेने पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पाण्याची सोय. केरबांनी गाडीसाठी सिमेंटचा सुरेख ओटा बांधला आणि त्याला पाण्याच्या दिशेने चांगला ढाळ दिला. इतर गवंडी दोन बोटं ढाळ देतात, केरबा सहा देतात. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातच्या कुठल्याच जमिनीवर पाणी थांबलेलं नाही, हे ते स्वतःच प्रत्येकाला सांगतात. सुहासने माझ्या पाठीमागच्या जाळ्या निळ्या प्लास्टिकने घट्ट बांधल्या, पावसाचा थेंब आत जायला नको म्हणून. सरूबाईंनी, म्हणजे केरबांच्या बायकोने, माझ्या दाराच्या रबराला दर आठवड्याला खोबरेल तेल चोळलं, ते तडकू नये म्हणून. सगळ्यांनी माझी एवढी काळजी घेतली, पण मला पेटवलं मात्र कुणीच नाही. घरात विजेचा फ्रीज होता, त्यामुळे माझं कपाट झालं. माझ्या आत पापड, वेफर्सची पाकिटं आणि तंबूच्या दोऱ्या राहायला आल्या. फ्रीजचं कपाट होणं म्हणजे काय, हे हुद्द्यावरून उतरवलेल्या माणसाला विचारा.

असा पावसाळा गेला. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, आणि एका बुधवारी सकाळी पायलने माझं दार उघडलं.

पायल ही सुहासची बायको. ती एसटीत कंडक्टर आहे. त्या भागात बाई कंडक्टर म्हणजे अजूनही लोक मान वळवून बघतात, पण पायलला बघणाऱ्यांचं काही वाटत नाही. ती त्यांचंही तिकीट फाडते. तिचा मुलगा प्रज्ञेश पाच महिन्यांचा होता आणि येत्या सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. प्रज्ञेशला आईच्या दुधाशिवाय काही चालत नव्हतं. डब्यातली पावडर कालवून दिली की तो तोंड वेडंवाकडं करायचा आणि तासाभरात सगळं बाहेर काढायचा. दवाखान्यातल्या सिस्टरने पायलला सांगितलं होतं, स्वतःचं दूध काढून स्वच्छ बाटलीत भर आणि गार ठेव, दिवसभर नीट राहील, बाळाला देताना बाटली कोमट पाण्यात धर म्हणजे झालं. पण गार ठेवायचं कुठे? घरचा फ्रीज विजेवर, आणि पवनानगरच्या त्या टोकाला वीज पाहुण्यासारखी येते. सकाळी गेली तर कधी दुपारी, कधी दिवेलागणीला.

तेव्हा तिला मी आठवलो. तिने पापडांना रजा दिली, मला साबणाच्या पाण्याने धुतलं, सिलिंडर जोडला आणि काडी ओढली. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात ऊब आली. मी मनात म्हटलं, आता बघच.

गुरुवारी सकाळी तिने दार उघडलं तर आत ठेवलेली दुधाची बाटली कोमट होती. तिने वास घेतला, दूध आंबलं होतं. ती बाटली घेऊन बाहेर गेली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी तिने ते ओतलं. आईने ते किती कष्टाने काढलेलं असतं हे तिलाच माहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरूबाई दारात प्रज्ञेशला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. पायल त्यांना आत्या म्हणते. त्या मायेच्या आहेत, पण त्यांना ही गोष्टच पटलेली नव्हती. अंगावरचं दूध पेटीत ठेवायचं आणि शिळं करून लेकराला पाजायचं, हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. त्या स्वतः केरबांच्या हाताखाली बांधकामावर घमेली वाहायच्या.

"आमी पोरं झोळीत टाकून कामं केली," त्या म्हणाल्या. "झाडाला झोळी बांधायची, रडलं की जायचं आन पाजायचं."

"एसटीत झोळी कुठं बांधू, आत्या?" पायल म्हणाली.

सरूबाईंनी प्रज्ञेशला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग सुहासने हळूच सांगितलं की आणखी सहा महिने बिनपगारी रजा मिळते, अर्ज त्याने भरून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे. पायलने तो कागद घेतला, घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ठेवून दिला. सोमवारपर्यंत हा कागद इथेच राहील, फ्रीज गार झाला तर चुलीत जाईल, नाही झाला तर सही करीन, असं तिने शांतपणे सांगितलं. त्या दिवसापासून तो कागद माझ्या डोक्यावर होता. कागदाचं वजन ते केवढं, पण चार दिवस मला ते पेलवत नव्हतं.

मग सुरू झाली माझी तपासणी. पायल एका वेळी एकच गोष्ट बघायची आणि तिचा निकाल लावल्याशिवाय दुसरीकडे जायची नाही. आधी तिने माझ्या आत डोकावलं. सुहासने पाहुण्यांसाठी घेतलेल्या थंड पेयांच्या बाटल्या बुधवारीच माझ्यात कोंबल्या होत्या, वर कोथिंबीर, वर पनीर. वारा फिरायला बोटभर जागा नव्हती. "पुढं सरका, दारात गर्दी करू नका," असं म्हणत तिने सगळ्यांना खाली उतरवलं. नंतर तिने पिशवीतून कोऱ्या तिकिटाची एक पट्टी काढली, माझ्या दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. वरच्या बाजूला ती घट्ट बसली होती. खालच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी यावी तशी सुळकन बाहेर आली. सरूबाईंच्या खोबरेल तेलाने रबर फुगून सैल पडलं होतं. पायलने ते गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं आणि सुहासने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्या कोपऱ्यात मागून बसवली. मग पट्टी ओढली तर ती फाटली, पण निघाली नाही. सरूबाईंना वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून पायलने तेलाचा विषयच काढला नाही.

तरी मी गार होईना. शुक्रवारी लोणावळ्याहून निलेश आला. निलेश फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. तो माझ्या मागे गेला, टॉर्च मारला आणि वाकून इकडून तिकडून शोधत राहिला.

"ताई, याच्यात कॉम्प्रेसरच नाहीये," तो म्हणाला. "चोरीला गेला काय?"

पायलने त्याला माझी ज्योत दाखवली. त्याने डोकं खाजवलं आणि त्याला येत होता तो उपाय सांगितला. नळी कापू, आतला गॅस संपला असेल, नवा भरू. मित्रांनो, माझ्या नळ्या कारखान्यात कायमच्या बंद केलेल्या असतात. त्या कापल्या की मी संपलो, मग जगातला कुठलाही निलेश मला उठवू शकत नाही. मला ओरडता येत असतं तर धरणापलीकडे ऐकू गेलं असतं. पण ओरडायची गरज पडली नाही. पायलने त्याला विचारलं, नळीतून गळत असेल तर वास यायला हवा ना, डाग पडायला हवा ना? निलेश प्रामाणिक माणूस. त्याने नाक लावून सगळ्या नळ्या हुंगल्या, फडक्याने पुसून पाहिल्या. वास नाही, डाग नाही. मग कापायचं नाही, असं पायल म्हणाली, जे बाहेरून दिसतं ते आधी साफ करू.

तिने सिलिंडर बंद केला, गाडीची दारं-खिडक्या सताड उघडल्या, आणि निलेशने माझा बर्नर खोलला. आत मातीचं एक देखणं घर निघालं, गोल, मडक्यासारखं. कुंभारीण माशीने पावसाळ्यात माझ्याकडे भाड्याने खोली घेतली होती आणि भाडं बुडवून गेली होती. म्हणूनच ज्योत पिवळी, आळशी, लवलवती जळत होती. निलेशने ती माती आणि धुराडीतली काजळी झाडली. ज्योत पुन्हा पेटली तेव्हा निळीशार होती आणि तिचा हलका फुस्स आवाज येत होता. मग त्याचं लक्ष मागच्या निळ्या प्लास्टिककडे गेलं. याला श्वास कुठून घ्यायचा, त्याने विचारलं. सुहासने मान खाली घालून दोऱ्या सोडल्या. जळलेला वायू बाहेर जायलाही तीच वाट होती. ती कोंडलेली राहिली असती तर माझंच नव्हे, गाडीत झोपणाऱ्याचंही काही खरं नव्हतं. थंड वारा पाठीला लागला आणि मी किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. "जय भीम, येतो," म्हणून निलेश गेला. जाताना म्हणाला की मागचा खालचा भाग चांगला तापतोय, वरचा मात्र गारच आहे, म्हणजे आतलं कुठेतरी अडकून बसतंय, पण कशाने, ते त्याला कळत नव्हतं.

त्याला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. आणि मला बोलता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी पायलने माझ्या आत ठेवलेला थर्मामीटर चौदा अंश दाखवत होता. पायलला हवे होते चार-पाच. घरातल्या सगळ्यांनी आता आशा सोडली होती. सुहास म्हणाला की जुनी वस्तू आहे, तिच्याकडून किती अपेक्षा करायची. सरूबाईंनी माझ्या डोक्यावरच्या कागदाकडे एकदा पाहिलं. पायल माझ्यासमोर पाय दुमडून खाली बसली. तिने सकाळीच दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या, पुन्हा एकदा करून बघायचं म्हणून. दार उघडं टाकू नये हे तिला माहीत होतं, तरी ती उघडून बघत राहिली. मलाही वाटलं, हिने आता दार लावलं की ते कायमचंच.

पण तिची नजर बाटलीवर अडली. बाळाच्या बाटलीवर रेघा असतात, किती दूध आहे ते कळायला. पायल मोजण्याच्या बाबतीत काटेकोर, तिने मोजून सत्तरच्या रेघेच्या जरा खाली दूध भरलं होतं. आता डावीकडे ते सत्तरला टेकलं होतं आणि उजवीकडे साठला. तिने बाटली फिरवून ठेवली. पुन्हा तसंच. दुसरी बाटलीही तशीच. ती उठली, बाकावरच्या टोपलीतला एक कांदा तिने जमिनीवर ठेवला. कांदा घरंगळत धरणाच्या बाजूच्या भिंतीला जाऊन लागला. खरं तर पाच महिने त्या गाडीत जे पडेल ते त्याच भिंतीला जाऊन लागत होतं. पण कुणालाच त्याचं नवल वाटलं नव्हतं. मावळात सपाट असतंच काय?

पायलने दार लावलं आणि ती पायरीवर जाऊन उभी राहिली. केरबा बाहेर बसून विळ्याला धार लावत होते. आता खरी अवघड वेळ आली. पस्तीस वर्षांच्या गवंड्याला त्याच्या सुनेने त्याचा ढाळ चुकला असं कसं सांगायचं? मी बघत होतो.

"आबा, तुमचा लेव्हल पाइप कुठं हाय?" तिने विचारलं.

"कशाला?"

"गाडीचं पाणी बघायचंय. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

केरबांनी विळा ठेवला. लेव्हल पाइप म्हणजे गवंड्याची पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन जागी धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येतं, मग कुठली जागा वर आणि कुठली खाली ते लपत नाही. त्यांनी पाणी भरलं, एक टोक सुहासकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि गाडीच्या दोन्ही कडांना पेन्सिलने खुणा केल्या. मग बोटांनी अंतर मोजलं. सहा बोटं. तेवढाच त्यांचा ढाळ होता, एक बोटही कमी-जास्त नाही.

"मग? ढाळ हाय," ते म्हणाले. आवाज चढला होता. "ढाळ ठिवला न्हाई तर पाणी कुटं जाणार? लोकांचं बांधकाम बघा जा, चिखलात उभं हाय."

पायलने वाद घातला नाही. तिने त्यांना आत बोलावलं, माझं दार उघडलं आणि दुधाच्या बाटल्या दाखवल्या. मग निलेशचं बोलणं सांगितलं, की खाली तापतं, वर गार राहतं, आत काहीतरी अडकून बसतं. केरबा वाकून बाटलीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. त्यांना तुंगार्लीचे साहेब आठवले.

"साहेब ह्याच्यात अर्धा पेला पाणी ठिवायचे," ते हळू म्हणाले. "मला वाटायचं, गार करून प्यायला ठिवत्यात. त्ये पाणी प्यायचं नव्हतं. पाणसळ होती ती."

पाणसळ म्हणजे पाण्याने सपाटी पाहणं, जुन्या गवंड्यांचा शब्द. केरबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा खरखरीत तळहात मला आजही आठवतो.

"म्हंजी ह्याच्या पोटातबी पाण्याला ढाळ हाय," ते म्हणाले. "आन माझ्या ढाळानं मी त्याचा ढाळ मोडला."

मित्रांनो, मी या देशात आल्यापासून साहेबांशिवाय कुणी मला एवढं बरोबर ओळखलं नव्हतं. कुठलं पुस्तक न वाचता त्या माणसाने माझं अवघं इंजिनिअरिंग एका वाक्यात सांगितलं. माझ्यात जे उतरतं ते आपल्या वजनाने उतरतं. मला एका अंगावर कलवलं की ते वाटेतच साचतं, उकळायला परत ज्योतीपाशी पोहोचत नाही, मग ती ज्योत बिचारी नुसती जळत राहते. पायल जिंकली होती, पण तिने तसं जराही दाखवलं नाही. आबा, ओटा मोडायचा नाही हां, पावसाळ्यात तोच लागणार आहे, एवढंच ती म्हणाली.

ओटा मोडायची गरजच नव्हती. केरबांनी सगळा बेत तिथेच ठरवला. जमीन पाण्यासाठी उतरती राहील आणि चाकं माझ्यासाठी सरळ होतील. त्यांनी सिलिंडर बंद करायला लावला, घरामागून शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे आणि एक जाड सागवानी फळी आणली. सुहासने वरच्या बाजूच्या चाकाला मागे-पुढे दगड लावले आणि धरणाकडच्या बाजूला जॅक लावला. गाडी कुरकुरत उचलली गेली. केरबा एकेक फरशी चाकाखाली सारायचे, गाडी टेकवायची, पाइप धरायचा, आणि मान हलवून परत उचलायला सांगायचे. सुहासने तीनदा म्हटलं की आता झालंच की. केरबा म्हणाले, झालं आन बरोबर झालं ह्यात फरक असतो. अकराव्या खेपेला त्यांनी पत्र्याएवढी पातळ चीप सरकवली आणि पाइप खाली ठेवला. मग स्वतः घरात जाऊन काचेचा पेला आणला, अर्धा पाण्याने भरला आणि माझ्या फळीवर ठेवून डोळे बारीक केले.

कितीतरी वर्षांनी तो पेला माझ्या आत परत आला होता. मला साहेबांची इतकी आठवण आली की काय सांगू.

पायलने काडी ओढली. मी घाईचा फ्रीज नाही, मला वेळ लागतो. पण थोड्याच वेळात माझ्या नळ्यांत तो जुना ओळखीचा खळखळाट सुरू झाला, अगदी बारीक, कान लावला तरच ऐकू येईल एवढा. रविवारी सकाळी पायलने दार उघडलं. थर्मामीटर पाच दाखवत होता. तिने माझ्या डोक्यावरचा कागद काढला आणि चुलीकडे गेली. परत आली ती डोळे पुसत. धुरामुळे, असं तिने सुहासला सांगितलं.

सोमवारी पहाटे खाकी गणवेश घालून, प्रज्ञेशचा पापा घेऊन ती ड्यूटीवर गेली. माझ्यात तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिलेली. साडेनऊला वीज गेली. घरातल्या फ्रीजचा आवाज बंद पडला तो मी इथून ऐकला. माझी ज्योत जळतच होती. दहाच्या सुमारास प्रज्ञेश रडायला लागला आणि सरूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी दार उघडलं नाही. मग उघडलं, एक बाटली घेतली, गार लागली म्हणून तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी ती कोमट पाण्यात धरली, मनगटावर दोन थेंब टाकून पाहिले, जिभेला लावून पाहिले. "गोड हाय की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाळाने पहिल्यांदा तोंड फिरवलं. दुसऱ्यांदाही फिरवलं. तिसऱ्यांदा त्याला आईची चव ओळखू आली आणि तो डोळे मिटून पीत राहिला.

पायलची गाडी दुपारी आमच्या रस्त्याने जाते. माझ्यासमोरचं दार उघडं असलं की मला रस्ता दिसतो. लांबून एसटीचा हॉर्न आला तशा सरूबाई प्रज्ञेशला कडेवर घेऊन तरातरा रस्त्याच्या कडेला गेल्या. तिथे थांबा नाही. पण गाडीचा वेग कमी झाला आणि मागच्या दारात पायल दिसली. सरूबाईंनी हातातली रिकामी बाटली वर धरली आणि उलटी केली. एक थेंबही पडला नाही.

पायलने दोरी ओढली. टण टण. दोनदा घंटी म्हणजे गाडी पुढे जाऊ दे.

मित्रांनो, मी पुन्हा फ्रीज झालो आहे. आता दर रविवारी केरबा पेला घेऊन येतात, पाणी बघतात आणि लागली तर चीप सरकवतात. सुहासचं प्लास्टिक तंबूवर गेलं आणि सरूबाईंचं तेल प्रज्ञेशच्या अंगाला. माझ्यावर त्यांची माया तेव्हाही होती आणि आजही आहे. फरक इतकाच की आता ती मला विचारून होते. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू, एखादं माणूसही, आपलं काम करेनासं झालं तर लगेच नळ्या कापायला घेऊ नका आणि निरोपाच्या कागदावर सहीही करू नका. एकेक करून बघा. त्याचा श्वास कोंडला आहे का, त्याच्यावर भार फार झाला आहे का, आणि ते ज्या जमिनीवर उभं आहे ती सरळ आहे का. पेलाभर पाणी पुरतं.

आता एवढं करा, जाताना माझं दार नीट लावून घ्या. आत प्रज्ञेशचं चार वाजताचं दूध आहे.